मागची चेन

"काकू, मागची चेन लावून देऊ का?" नैनाने विचारलं.

"नको ग, लागलीये," मी म्हणाले.

लागली कुठली. या पाण्यात घालायच्या, आत थेंबही येऊ न देणाऱ्या सुटाची चेन पाठीवर आडवी असते, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत. ज्याने हा सूट शोधून काढला त्याच्या घरी माणसं असणार. मी गाडीच्या आडोशाला उभी राहून, हात मागे वळवून, चेनीची दोरी ओढून ओढून जितकी लागेल तितकी लावली होती. शेवटची वीतभर राहिली होती. तिथे माझा हात पोचत नव्हता, आणि पोचत नाही हे सांगायला तोंड उघडत नव्हतं.

"ओके काकू," नैना म्हणाली आणि हेल्मेट घ्यायला निघून गेली.

आता बघा. ही पोरगी नागपूरची. पस्तिशीची असेल, इथे नेपरव्हिलला आमच्यापासून दहा मिनिटांवर राहते, कुठल्याशा बँकेचं सॉफ्टवेअर बघते. तासाभरापूर्वी पार्किंगमध्ये माझ्या गाडीतला छोटा गणपती बघून "तुम्ही मराठी का?" म्हणत आली होती. तिला तरी कळायला हवं होतं. आपल्यात पहिला 'नको' हा नको नसतो. ते दारातलं पायपुसणं असतं. त्यावर जरा पाय घासायचे आणि आत यायचं. नागपूरकडची माणसं तर पंगतीत ताटावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून वाढतात. पण सात-आठ वर्षं इथे काढली की तीही 'ओके' म्हणायला लागतात. मी लाइफ जॅकेट चढवलं, पट्टे घट्ट केले, आणि उघडी राहिलेली वीतभर चेन त्याखाली झाकून गेली.

एप्रिल महिना होता, पण तो कॅलेंडरवर. नदीकाठच्या झाडांना अजून पान नव्हतं आणि पार्किंगच्या कोपऱ्यात रस्ता साफ करणाऱ्या गाडीने लोटलेल्या बर्फाचा काळा ढीग तसाच पडून होता. मी बासष्ट वर्षांची बाई यॉर्कव्हिलला, फॉक्स नदीच्या खळाळत्या पाण्यात कयाक चालवायला शिकायला कशाला आले होते, हे मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. रागाने आले होते.

इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात चारुताने, म्हणजे आमच्या यंदाच्या अध्यक्षीणबाईंनी, मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली आणि ज्येष्ठ सभासद म्हणून खांद्यावर शाल घातली. जेवणाच्या रांगेतही उभं राहू देईनात. "काकू, तुम्ही बसा, ताट आणून देतो." ताट आलं. त्यात काय हवं, किती हवं, कुणी विचारलं नाही. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर सगळ्यांनी कोट टाकले. मी त्या कोटांशेजारी बसून श्रीखंड खाल्लं आणि घरी येऊन गावाच्या पार्कवाल्यांचं, त्यांच्या वर्गांची यादी असलेलं चोपडं उघडलं. ज्येष्ठांच्या पानावर खुर्चीतला योग आणि पत्ते. मी पान उलटलं. कयाकच्या वर्गाला 'अठरा वर्षांवरील' एवढीच अट होती. वरची अट लिहायला विसरले असावेत. पोहायला मला येतंच. आमच्या गावच्या तलावात मी भावांच्या बरोबरीने पोहलेली आहे.

एवढा एकच राग असता तर कदाचित नाव दिलंही नसतं. खरा राग मनोहरवर होता.

मनोहर माझा नवरा. चार वर्षं झाली, तो सांगलीला असतो. भांडण नाही, काडीमोड नाही. सासूबाई घसरून पडल्या, खुबा मोडला. मी स्वयंपाकघरात डिशवॉशर भरत होते आणि तो दारात उभा राहून म्हणाला, "मी जातो. तू येतेस?" मी म्हटलं, "मी कशाला? माझी नोकरी आहे. तू जा, मी बघते इकडचं." आणि हातातली ताटली हातातच धरून थांबले. आता तो म्हणेल, नोकरी गेली खड्ड्यात, चल. तो "बरं" म्हणाला आणि तिकिटं बघायला वर गेला. तीस वर्षं या देशात राहून त्या माणसाने दुसरं काही इथलं उचललं नाही. बेसबॉल नाही, बार्बेक्यू नाही. उचललं ते एवढंच, की एकदा विचारायचं आणि आलेलं उत्तर खरं मानायचं.

सासूबाई वर्षभराने गेल्या. तो परतला नाही. आधी बँकेची कामं होती, मग घराची, मग कामं आहेत असं म्हणणंही बंद झालं. मी रविवारच्या फोनवर विचारायचे, "काय म्हणतोयस?" तो म्हणायचा, "चाललंय." आणि आता या गुरुवारी, रविवार नसताना फोन आला. आईचं भाड्याचं घर सोडतोय म्हणाला. विश्रामबागेत दोन खोल्यांचा फ्लॅट बघून ठेवलाय, सोमवारी करार करावा म्हणतो.

"तुझी काही हरकत नाही ना?"

"माझी कसली हरकत," मी म्हणाले.

दोन खोल्यांचा फ्लॅट विकत घेणारा माणूस परत येत नसतो, एवढं मला कळतं. माझी सगळी, अंगभर हरकत होती. रात्री सनीव्हेलहून उर्वीचा, आमच्या मुलीचा फोन आला तेव्हा तिला सांगितलं.

"आई, जस्ट टेल हिम," ती म्हणाली. "इट्स नॉट दॅट हार्ड."

"त्याने परत विचारायला नको?"

"व्हाय वुड ही? यू सेड नो."

इंग्रजीत सगळं सोपं असतं. मी फोन ठेवला आणि शुक्रवार अख्खा वाट बघितली. फोन आला नाही. शनिवारी सकाळी आंघोळ करून कयाकच्या वर्गाला निघाले.

आम्ही सहाजण होतो. शिकवणारा डग नावाचा माणूस, पांढरी दाढी, थंडीने लाल झालेलं नाक, बोलायला मऊ. त्याने दोघादोघांच्या जोड्या लावल्या. माझी जोडी अर्थातच नैनाशी. "आपल्या जोडीदाराची चेन, पट्टे, हेल्मेट, सगळं स्वतः हात लावून बघा," तो म्हणाला. मी हॉस्पिटलच्या रक्तपेढीत आयुष्य काढलेली बाई. आमच्याकडे दोघांनी मिळून नाव वाचल्याशिवाय रक्ताची पिशवी खोलीबाहेर जात नसे, आणि दुसऱ्या माणसाने नुसतीच मान डोलावली तर मी तिथल्या तिथे झापायचे. नैनाने माझ्या लाइफ जॅकेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"चेन लागलीये म्हणालात ना काकू?"

"हो ग."

"झालं चेक," ती डगला म्हणाली. मीही मान डोलावली.

कयाक म्हणजे एका माणसाची, होडी कसली, प्लास्टिकची पापडीच. पाय आत सरळ घालून बसायचं आणि कमरेभोवतीचा रबरी घागरा होडीच्या तोंडावर ताणून बसवायचा, म्हणजे पाणी आत येत नाही. होडी उलटली की तुम्ही डोकं खाली, पाय वर, असे पाण्यात लटकता. त्यासाठीच पहिला धडा उलटं होण्याचा. काठाजवळ पाणी संथ होतं तिथे डगने आम्हाला नेलं. घाग‍ऱ्याची पुढची दोरी ओढली की सुटून बाहेर पडता येतं, ते सगळ्यांनी करून बघितलं. पाणी तोंडाला लागलं तेव्हा कपाळ कुणीतरी चिमट्यात धरल्यासारखं दुखलं. पण मी बाहेर आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारीने करून दाखवलं ना.

"आता दुसरी गोष्ट," डग म्हणाला. "दरवेळी बाहेर पडायचं नाही. उलटे झालात की हात पाण्याबाहेर काढा, होडीच्या बुडावर तीनदा जोरात थापा मारा, आणि हात होडीच्या दोन्ही बाजूंनी मागेपुढे फिरवत राहा. जोडीदार आपल्या होडीचं टोक तुमच्या हातात आणून देईल. ते धरायचं आणि सरळ व्हायचं. तुमचं काम एकच, थांबायचं. ते येतातच."

नैनाने केलं. उलटी झाली, थाप थाप थाप, आणि दोन हात पाण्याबाहेर कुणाला तरी चाचपडत राहिले. मी माझ्या होडीचं टोक नेलं, तिने धरलं, सरळ झाली, नाकातून पाणी शिंकरत हसली. "मस्त आहे हे, काकू. टेन्शन नाही काही."

मग माझी पाळी. मी उलटी झाले. काळोखं, हिरवट पाणी, कानात गार दडे. हात वर काढायचे होते ते मी काढले नाहीत. दोरी ओढली आणि बाहेर आले.

"थापा, शैलजा, थापा," डग म्हणाला. "परत."

परत उलटी झाले, परत दोरी ओढली. तिसऱ्यांदाही तेच. मला जमत नव्हतं असं नाही. हात मोकळे होते, डोकं शाबूत होतं. पण खाली लटकून, होडी बडवून, या रे मला वाचवायला म्हणायचं, आणि वरून कुणी आलं नाही तर? त्यापेक्षा आपलं आपण बाहेर पडलेलं बरं. एव्हाना पाठीवरून पाण्याचे ओघळ कमरेत, कमरेतून पायांत उतरले होते. सूट आतून भरत होता. दात वाजायला लागले तेव्हा मी जबडा घट्ट मिटून धरला.

"थंडी वाजतेय का? थांबायचंय का?" डगने विचारलं.

"नाही, नाही. आय ॲम फाइन."

"ओके," डग म्हणाला. त्याला तरी काय बोल लावायचा.

मग आम्ही वाहत्या पाण्यात गेलो. संथ पाण्यातून वेगाच्या पाण्यात शिरताना होडी ज्या बाजूला पाणी ओढतं त्या बाजूला कलती करायची असते. मी उलटीकडे कलले. तव्यावरचं धिरडं उलटावं तसं पाण्याने मला एका फटक्यात पालथं केलं. या वेळी दोरी सापडायलाही वेळ लागला, कारण बोटांना दोरी आणि रबर यांतला फरक कळेना. बाहेर आले, पण पोहता येईना. पाय माझे राहिलेच नव्हते. पोत्यात वाळू भरावी तसे सुटाचे पाय पाण्याने फुगले होते आणि मला खाली ओढत होते. तलावात शिकलेलं कसलं पोहणं, मी नुसती आ वासून आकाशाकडे बघत वाहत होते. तेव्हाही मी हाक मारली नाही. हे मी आज सांगते आहे तेव्हा मलाच स्वतःची भीती वाटते.

डगने गाठलं. त्याच्या होडीची मागची कडी माझ्या हातात कोंबली आणि मला काठाला ओढत आणलं. काठावर मी उभी राहायला गेले आणि बसकण मारली. पायांत घागरी बांधल्यासारखं झालं होतं. त्याने लाइफ जॅकेट सोडवलं आणि मला पाठमोरी केलं. उघड्या राहिलेल्या चेनीवर बोट ठेवलं.

"हे कुणी बघितलं होतं?" त्याने विचारलं.

नैना धावत आली. माझी पाठ बघितली आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"मी विचारलं होतं ना तुम्हाला," ती म्हणाली. "विचारलं होतं ना, काकू?"

"एकदाच विचारलंस," मी म्हणाले. दात वाजत होते, तरी हे शब्द नीट बाहेर पडले.

"एकदा विचारलेलं पुरत नाही का यार? तुम्ही मेला असतात."

तिनेच मला कपडे बदलायच्या तंबूत नेलं. चेन पूर्ण उघडली, मानेभोवतीचं रबर ताणून डोकं बाहेर काढलं, सूट खाली ओढला. पायांतून बादलीभर पाणी गवतावर सांडलं. आधी ती बडबडत होती, डगला आता काय वाटेल, मीपण हात लावून बघायला पाहिजे होतं, तुम्ही पण ना. मग बोलायची थांबली. टॉवेल घेतला आणि माझी पाठ पुसायला लागली. खरखरून, खालपासून वरपर्यंत, लहान मुलाला पुसावं तशी. मला रडू आलं. चार वर्षांत माझ्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता, आणि हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

"दुखतंय का?"

"नाही," मी म्हणाले. मग म्हटलं, "अजून जरा पूस."

तिने पुसलं. तिचा स्वतःचा कोरडा स्वेटर मला घातला, माझ्याच गाडीत नेऊन बसवलं, हीटर लावला, आणि डगशी बोलून येते म्हणून गेली. उतारावर बाकीचे चारजण सँडविच खात होते. नदीच्या मधल्या खडकावर पांढरे पेलिकन ओळीने बसले होते, वाऱ्याकडे तोंड करून. माझी बोटं जरा वळायला लागली तशी मी फोन घेतला. सांगलीत रात्रीची जेवणं झाली असतील.

"हं, बोल. आज शनिवारी कशी काय?"

"मनोहर, माझी हरकत आहे."

"कशाला?"

"फ्लॅटला."

मागे शेजारच्या कुणाचा तरी टीव्ही चालू होता. "परवा तर नाही म्हणालीस."

"परवा तू एकदाच विचारलंस."

"मग किती वेळा विचारायचं असतं?" तो हसला. मी हसले नाही हे त्याला कळलं असावं. "काय झालं? आवाज कसा येतोय तुझा?"

"तू परत ये."

"आता?"

"पुढच्या महिन्यात ये. केव्हाही ये."

"नको, शैला."

हा पहिला नको होता, तो मी धरलाच नाही. "अरे ये. घर आहे, खाली तुझं टेबल आहे तसं आहे. उर्वी विमानाने चार तासांवर आहे."

"नको ग."

"मला एकटीला राहवत नाही, मनोहर." हे मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. माझ्या आईला नाही, उर्वीला नाही, कुणालाच कधी म्हटलेलं नव्हतं.

टीव्हीचा आवाज बंद झाला, त्याने दार लोटून घेतलं असेल.

"आई गेली तेव्हा तू आलीस," तो म्हणाला. "तेरावा झाला. मी तुला विमानतळावर सोडायला आलो. मला अख्ख्या रस्त्यात वाटत होतं तू म्हणशील, राहते."

"तू राहा म्हणाला नाहीस."

"तू परतीचं तिकीट काढून आली होतीस." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "नंतरही वर्षभर वाटत होतं. मग सवय झाली. आता इथे सकाळी फिरायला चौघं असतात, वाचनालय आहे, दुपारची झोप आहे. तिथे येऊन मी काय करू? नको, शैला. खरंच नको."

हा तिसरा. आपल्या माणसाचा खरा नको आवाजावरून ओळखू येतो. त्यात घाई नसते.

"मग मी येऊ तिकडे?"

"ये की," तो लगेच म्हणाला, अगदी मनापासून म्हणाला. "कधीही ये. किती दिवसांसाठी येशील?"

मी काचेतून बाहेर बघत राहिले. पाहुण्याला विचारतात तसं त्याने विचारलं होतं, आणि त्यात त्याचं काही चुकलंही नव्हतं.

"बघते," मी म्हणाले. "सोमवारी कर तू करार."

"नक्की?"

हा त्याने दुसऱ्यांदा विचारलेला आयुष्यातला एकमेव प्रश्न असेल.

"नक्की. पण माझी हरकत होती, हे तुला माहीत असू दे."

"असू दे," तो म्हणाला. "गरम काहीतरी पी. सर्दी झाल्यासारखी वाटतेय तुला."

"हो. ठेव."

त्याने फोन ठेवला, म्हणजे टेबलावर ठेवला. बंद करायचं बटण नीट दाबलंच गेलं नाही. मला खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. मग चपला. त्याची उजवी चप्पल अजून घासत होती. नळ सुरू झाला, तांब्या भरला, नळ बंद झाला. तो खोकला. पुढच्या दाराची कडी लागली, मग खालचा बोल्ट, तो जरा जड असावा, दोनदा ओढावा लागला.

"अरे, फोन चालू आहे तुझा," मी म्हणाले.

चपला दूर गेल्या.

"मनोहर," मी मोठ्याने म्हटलं. गाडीत एकटीच असल्यामुळे फारच मोठा आवाज झाला.

तिकडे दिव्याचं बटण वाजलं. मग नुसता पंखा फिरत राहिला, आणि मी तो थोडा वेळ ऐकला.